अंश, मैल आणि पाण्याची ओढ

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘दिशा’. या विषयावर आयुष्याची दिशा, समाजाची दिशा असे पुष्कळ लिहिता येईल. पण दिशा चुकली तर डिझेल जाते, जाळे जाते आणि कधी माणूसही जातो, अशा ठिकाणी जाऊन ती पाहावी असे मला वाटले. म्हणून अलिबागजवळच्या थळला गेलो. समोर उंदेरी, तिच्यापलीकडे खांदेरी आणि त्यापुढे नुसते पाणी.

पहाटे बर्फ भरून झाला, जाळी चढली, इंजिनाने पहिला धूर टाकला की तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक यंत्र बाहेर काढतो. ते हाताच्या पंजात मावेल एवढे असते. त्याला गळ्यात अडकवायची दोरी असते आणि आत दोन पेन्सिल सेल. बटणांवरची अक्षरे खाऱ्या हाताने पुसून गेलेली, पण बोटांना ती पाठ आहेत. तांडेल यादीतून एक ‘पॉइंट’ निवडतो आणि ‘गो टू’ दाबतो. पडद्यावर दोन आकडे उमटतात : २५८ आणि ११.४. जायच्या जागेची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजत २५८ अंश, आणि अंतर ११.४ सागरी मैल. रेवस-बोडणीपासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंतच्या बोटी आता याच दोन आकड्यांवर निघतात.

रंगीत नकाशे दाखवणारी मोठी यंत्रे मोठ्या ट्रॉलरांवर असतात, आणि मोबाइल तर सगळ्यांकडेच आहे. तरी छोट्या बोटीवर हे हातातले जीपीएस टिकून आहे. ते पाण्याने बिघडत नाही, उन्हात त्याचा पडदा दिसतो, सेल बदलले की पुन्हा चालते आणि मोबाइलची रेंज गेली तरी त्याचे काही अडत नाही.

दोन आकड्यांचा हिशेब

नकाशा हाताशी नसताना एखादी जागा सांगायची झाली, तर कुठल्या बाजूला आणि किती लांब, एवढे दोनच प्रश्न उरतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापासून खांदेरीचा दीपस्तंभ सुमारे ३२५ अंशांवर, म्हणजे वायव्येच्या किंचित उत्तरेला, पाच सागरी मैलांवर आहे. एवढे कळले तर दाट धुक्यातही नाळ (बोटीचे पुढचे टोक) कुठे वळवायची आणि किती वेळ चालायचे ते ठरवता येते.

सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे जमिनीवरच्या मैलापेक्षा मोठा. हा आकडा पृथ्वीच्या मापातूनच आला आहे. उत्तर-दक्षिण एक अक्षांश म्हणजे साठ मिनिटे, आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. रेखांशाचे मिनिट मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसे आखडत जाते. अलिबागच्या अक्षांशावर ते १,७५५ मीटरच्या आसपास भरते. म्हणून दोन जागांचे आकडे नुसते वजा करून तोंडी अंतर काढणारा पूर्व-पश्चिम थोडा फसतो. यंत्र हा हिशेब आत करून टाकते.

तांडेलाला मैल हवे असतात ते वेळेसाठी. बोटीचा वेग ताशी सहा मैल धरला, तर ११.४ मैलांना जवळजवळ दोन तास लागतात. डोल जाळ्याच्या मासेमारीत या दोन तासांवर सगळा दिवस अवलंबून असतो. डोल म्हणजे पाण्यात पक्की बांधलेली लांब पिशवी. तिचे तोंड प्रवाहाकडे असते आणि मासळी प्रवाहाबरोबर आपणहून आत जाते. ती उचलायची भरती-ओहोटीच्या मधल्या थोड्या वेळात, पाणी थबकलेले असताना. उशिरा पोचलात तर पाणी पुन्हा ओढू लागते, जाळे दगडासारखे जड होते आणि खलाशांचे हात सोलून निघतात. म्हणून अंतराचा आकडा वाचताना तांडेलाच्या डोक्यात भरती-ओहोटीची वेळ ठरवणारी त्या दिवसाची तिथी असते.

दिशेतल्या चुकीसाठी एक जुना ठोकताळा आहे : साठ मैल चालल्यावर एका अंशाची चूक साधारण एक मैलाची होते. बारा मैलांवर पाच अंश चुकलात की जागा एक मैल बाजूला राहिली. बोयाचा थर्माकोल किंवा काळे निशाण लाटांमध्ये एवढ्या लांबून दिसत नाही.

बाण सरळ, बोट तिरकी

किनाऱ्यावर उभे राहून या यंत्राबद्दल ऐकणाऱ्याला वाटते, बाण दाखवतो तिकडे सुकाणू धरले की संपले. माझाही समज साधारण तसाच होता. थळच्या एका तांडेलाच्या बोटीवर बसून पडद्याकडे पाहत राहिल्यावर तो गेला.

बंदरातून निघताना २५८ होते. थोड्या वेळाने २५७ दिसू लागले, मग २५५. आपण वळलो नाही, नाळ होती तिथेच आहे, तरी पॉइंटची दिशा डावीकडे सरकते आहे. याचा अर्थ पाणी आपल्याला उजवीकडे, उत्तरेला नेत आहे. तांडेलाने न बोलता सुकाणू थोडे दक्षिणेला दाबले. आकडा २५५ वर थांबला आणि मग हललाच नाही. त्याने यंत्र गुडघ्यावर ठेवले आणि बिडी पेटवली.

हे नीट समजून घेण्यासाठी मी वहीत एक साधे उदाहरण मांडून पाहिले. जागा बरोबर पश्चिमेला बारा मैलांवर आहे, बोटीचा वेग सहा मैल, आणि उधाणाचे पाणी ताशी दोन मैलांनी उत्तरेला वाहते आहे. एकाने होकायंत्रावर २७० धरले आणि दोन तास डोळे मिटून चालवले. तो जागेच्या चार मैल उत्तरेला निघेल. दुसऱ्याने जीपीएसचा बाण दाखवेल तिकडे सतत नाळ वळवली. तो जागेवर पोचेल, पण वाट वाकडी होईल. जागा चार-सव्वाचार मैलांवर राहिली असताना तो सरळ रेषेपासून तब्बल दीड मैल उत्तरेला असेल, आणि शेवटचा टप्पा त्याला जवळजवळ प्रवाहाच्या तोंडावर चढावा लागेल. त्याला सव्वादोन तास लागतील. तिसऱ्याने निघतानाच नाळ वीसेक अंश दक्षिणेला, म्हणजे २५० वर धरली. त्याची बोट तिरकी दिसेल, पण पाण्यावरून अगदी सरळ रेषेत सरकेल आणि दोन तास सात मिनिटांत पोचेल.

वाचलेली आठ मिनिटे फार नाहीत. पण वाकडी वाट ज्या दीड मैलात शिरते, तिथे दुसऱ्या गावाच्या डोली लागलेल्या असू शकतात. पंख्यात दोर गेला तर दोघांचेही नुकसान होते आणि संध्याकाळी बंदरावर भांडण उभे राहते. शिवाय साध्या हातातल्या यंत्राला खडक दिसत नाही. चौलसमोर पाण्यात चौल कडूचा खडक आहे, त्यावर खूण म्हणून बांधकाम केलेले आहे. उंदेरी-खांदेरीच्या आसपासही पाण्याखाली कातळ आहे. यंत्र इथून तिथपर्यंत एक रेघ ओढते. मध्ये काय आहे ते चालवणाऱ्याने जाणायचे.

पडद्यावर आणखी एक आकडा असतो, बोट प्रत्यक्षात कुठल्या दिशेने सरकते आहे त्याचा. नाळ कुठेही असो, हा आकडा आणि पॉइंटची दिशा हे दोन्ही सारखे झाले की वाट बरोबर. इतकी साधी ही युक्ती आहे, आणि ती न शिकवताच यंत्र विकले जाते याचे मला वाईट वाटते. मात्र बोट उभी असली की साध्या यंत्राचा हा आकडा भरकटतो, कारण जागा बदलल्याशिवाय त्याला दिशा कळत नाही. त्यासाठी होकायंत्र लागतेच.

लोखंड न वापरलेली इमारत

होकायंत्राचा विषय निघाला की अलिबागेत एक ठिकाण पाहायलाच हवे. समुद्रकिनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्या विजेने नोंदी बिघडणार हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड आणला आणि लोखंड टाळले. १९०४ पासून इथे नोंदी सुरू झाल्या. जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा नीट जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केले गेले. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि त्या संस्थेचे मुख्यालयही याच रायगड जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

मासेमाराशी याचा थेट संबंध आहे. होकायंत्राची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर वेगळी. केप टाऊनच्या किनाऱ्यावर या दोहोंत पंचवीस अंशांच्या आसपास फरक पडतो. तिथे जीपीएस एका उत्तरेवर आणि होकायंत्र दुसऱ्या उत्तरेवर लावून निघालेला खलाशी भलतीकडेच जाईल. आपल्या किनाऱ्यावर मात्र हा फरक एका अंशाच्याही आत आहे. रायगडच्या तांडेलाला जीपीएसचा आकडा जसाच्या तसा होकायंत्रावर धरता येतो, ही निसर्गाने दिलेली मोठी सवलत आहे.

ती सवलत आपण बोटीवरच घालवतो. होकायंत्राशेजारी स्पीकर ठेवला, नांगराची साखळी जवळ गुंडाळली, इंजिनाचे सुटे भाग तिथेच टाकले की सुई सहज दहा अंश फिरते. ज्या गावाजवळ सुईवर परिणाम होऊ नये म्हणून एका माणसाने इमारतीत लोखंड येऊ दिले नाही, तिथल्या बोटींवर एवढी काळजी तरी घेतली जावी. याला पैसे लागत नाहीत.

भूचुंबकत्वाचा अभ्यास जीपीएसलाही उपयोगी पडतो. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून वेळेचा संकेत पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संकेत किती उशिरा पोचले त्यावरून यंत्र जागा काढते. हे संकेत वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येतात. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर तो थर कधीकधी खवळतो आणि संकेत लुकलुकतात. सौर वादळातही हा थर खवळतो. मे २०२४ मध्ये असे मोठे वादळ आले, तेव्हा अमेरिकेत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर पेरणीच्या दिवसांत थांबवावे लागले होते.

डोंगरांच्या खुणा

यंत्र येण्याआधीही हीच माणसे, याच जागांवर जात होती. ती कशी, हे थळच्या एका वयस्क नाखव्याने वाळूत काड्या रोवून दाखवले. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या. पुढे खांदेरीचा दीपस्तंभ, मागे कनकेश्वराच्या डोंगराची एखादी घळ. त्या रेषेवर राहून चालत जायचे. दुसरीकडे सागरगड आणि त्याच्यापुढचे एखादे देऊळ किंवा उंच झाड. ती दोन एकमेकांवर आली की दोन रेषा जिथे कापतात तिथे आपली जागा. मग शिशाचे वजन दोरीने सोडून पाणी किती वाव खोल आहे ते पाहायचे आणि वजनाला चिकटून आलेला चिखल बोटांत चोळायचा. खडप, वाळू की गाळ, ते बोटांना कळते.

खांदेरीचा दीपस्तंभ १८६७चा आहे, त्यामुळे कित्येक पिढ्यांच्या खुणांमध्ये तो येतो. त्याच्याही आधी, १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या गलबतांशी झगडा झाला. मराठ्यांच्या हलक्या होड्या या उथळ पाण्याची खडानखडा माहिती असल्यामुळे रात्रीत रसद पोचवत राहिल्या. दिशा आणि अंतर तेव्हा लोकांच्या अंगात होते.

या खुणांची मर्यादाही नाखव्याने लपवली नाही. हिवाळ्यात सकाळी धुरकट हवेत डोंगर दिसत नाहीत. पंधरा-वीस मैलांपलीकडे सखल किनारा बुडून जातो. आणि उंच झाड तुटले किंवा त्याच्यापुढे इमारत उभी राहिली की खूण मेली. अलिबाग-मांडव्याच्या पट्ट्यात बंगल्यांनी अशा बऱ्याच खुणा खाल्ल्या आहेत.

२ मे २००० नंतर या यंत्रांचा खरा उपयोग वाढला. तोपर्यंत अमेरिका सामान्यांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ते बंद झाले. चूक दहा-वीस मीटरांवर आल्यावर घोळ किंवा सुरमईच्या मागे जाणाऱ्या गळवाल्यांना पाण्याखालचा लहानसा खडपही पुन्हा सापडू लागला. तेव्हापासून पॉइंटची यादी ही घरची मिळकत झाली. भावकी वेगळी होताना कुणाकडे किती पॉइंट गेले याची चर्चा होते. खलाशी बोट बदलताना यादी चोरून नेतो अशी तक्रारही ऐकली. खुणा निदान सगळ्यांना दिसत होत्या, आकडे खिशात राहतात.

हैदराबादचा संदेश

आता आकडे बाहेरूनही येतात. हैदराबादला १९९९ मध्ये भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, सुरू झाले. उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य मोजून मासळी जमण्याची शक्यता कुठे आहे याचा अंदाज ते देते. गार आणि उबदार पाणी जिथे भिडते तिथे वनस्पती-प्लवक वाढते, त्यामागे बारीक मासळी आणि तिच्यामागे मोठी. हा अंदाज सगळ्या देशाच्या किनाऱ्यासाठी एकाच सोप्या पद्धतीने लिहिलेला असतो : अमुक बंदरापासून, अमुक दिशेला, इतक्या अंशांवर, इतके ते इतके किलोमीटर, खोली इतके मीटर. सोबत अक्षांश-रेखांश. पावसाळी ढगांत उपग्रहाला समुद्र दिसत नाही, आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते.

संदेश किलोमीटर आणि मीटरमध्ये, यंत्र बहुधा सागरी मैलांवर लावलेले, आणि माणसाचे खोलीचे माप अजून वावात. चाळीस किलोमीटर म्हणजे साडेएकवीस मैल. कुणी चाळीस मैल समजून निघाला तर तो चौऱ्याहत्तर किलोमीटरवर जाऊन पोचेल आणि येण्यापुरते डिझेल उरले की नाही हे तिथे पाहील. यंत्राची मापे बदलता येतात, पण ती पाने बटणांच्या मागे खोल दडलेली असतात आणि इंग्रजीत असतात.

याहून बारीक घोटाळा ठिपक्याचा आहे. एका बोटीवर मी लाल पुठ्ठ्याची वही पाहिली. कव्हर डिझेलने तेलकट, आत निळ्या पेनाने एकाखाली एक पॉइंट. एका ओळीत लिहिले होते १८ ३८ ५०. हे अडतीस मिनिटे पन्नास सेकंद, की अडतीस पूर्णांक पन्नास शतांश मिनिटे? पहिले धरले तर दशांशात ३८.८३ मिनिटे होतात. दोहोंत मिनिटाच्या एक तृतीयांशाचा फरक, म्हणजे समुद्रावर सहाशे मीटरांहून जास्त. ज्याने ओळ लिहिली त्याला ते माहीत होते. त्याचा पुतण्या आता बोट चालवतो, त्याने आधी एक जागा शोधली, मग दुसरी. शेवटी त्याने प्रत्येक ओळीत ठिपका लाल शाईने गिरवला.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या वर्सोव्यासारख्या प्रशिक्षण केंद्रांत सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो आणि त्याच्या नावातच नौकानयन आहे. पण सगळे खलाशी तिथे जाऊ शकत नाहीत. पावसाळ्यातल्या बंदीच्या एकसष्ट दिवसांत बोटी शाकारलेल्या असतात आणि माणसे गावात असतात. तेव्हा प्रत्येक बंदरावर दोन दिवस बसून मापे कशी लावायची, ठिपका कुठे द्यायचा, ओढ कशी कापायची, एवढे मराठीत शिकवले तर पुष्कळ होईल. सध्या मात्र भर यंत्रे वाटण्यावर आहे. मासेमारी बोटींसाठी एक लाख ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश देणारी-घेणारी यंत्रे, बसवण्याच्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. ती चांगली गोष्ट आहे, संकटात दोन्हीकडून संदेश जाईल. तरी बोटीवरच्या माणसाला आकडा वाचता आला पाहिजे.

माणूस पाण्यात पडल्यावर

यंत्रावर एक बटण असे असते की जे दाबले की त्या क्षणीची जागा नोंदली जाते आणि लगेच तिची दिशा व अंतर दिसू लागते. ते माणूस पाण्यात पडल्यावर दाबायचे. पुष्कळांना ते माहीत आहे. पुढचे मात्र थोड्यांना ठाऊक आहे. यंत्र परत नेते ते जिथे माणूस पडला तिथे, आणि माणूस तिथे नसतो. ताशी दोन मैलांच्या ओढीत दहा मिनिटांत तो सहाशे मीटरांहून दूर गेलेला असतो. म्हणून आधी पॉइंट गाठायचा, मग इंजिन मंद करून बोट सोडून द्यायची. ती ज्या बाजूला वाहू लागेल ती ओढीची बाजू. बोटीला वारा जास्त लागतो, तेवढी सूट द्यायची आणि त्या बाजूला शोध घ्यायचा. पडून किती मिनिटे झाली त्यावरून किती लांब जायचे ते काढायचे.

थळच्या त्या तांडेलाने आपल्या बोटीवर याचा नियम करून ठेवला आहे. ज्याने पडताना पाहिले त्याने बटणाकडे धावायचे नाही. त्याने फक्त हात लांब करून माणसाकडे बोट दाखवत उभे राहायचे आणि नजर हलवायची नाही. बटण दुसऱ्याने दाबायचे आणि घड्याळ तिसऱ्याने पाहायचे. नवीन खलाशी आला की पाण्यात रिकामा कॅन टाकून ते सगळे एकदा करून घेतले जाते, आणि मगच जाळ्याला हात लावू देतात.